कायटोसानचे नॅनोपार्टिकल रात्रीत फुगतात, पॉलिमर बदलू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.फार्म.चं दुसरं वर्ष, हळदीतल्या करक्युमिनचे कायटोसान नॅनोपार्टिकल टीपीपी (ट्रायपॉलीफॉस्फेट) टाकून बनवताय, सकाळी साइज २२० नॅनोमीटर येते आणि दुसऱ्या दिवशी ९०० च्या वर, बाटलीच्या तळाशी पिवळा साका. एन्ट्रॅपमेंट, म्हणजे टाकलेल्यापैकी कणांत अडकलेलं औषध, मात्र ९४ टक्के. सिनॉप्सिसमध्ये लिहिलंय की हे शिरेतून देऊन ट्यूमरपर्यंत न्यायचंय. सर म्हणतात नॅचरल पॉलिमर आहे, सेफ आहे, स्टॅबिलिटीचं नंतर बघू. आणि तुम्ही विचारताय की कायटोसान सोडून अल्जिनेट, जिलेटिन की अल्ब्युमिन घेऊ, सगळ्यात चांगला नॅचरल पॉलिमर कुठला.

मी फॉर्म्युलेशनमध्ये एकोणीस वर्षं आहे, त्यातली सुरुवातीची बरीचशी कायटोसानबरोबरच गेली आणि नंतर कंपनीत इंजेक्शनवाल्या बाजूला आले, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं जवळजवळ सगळं माझं स्वतःचं एकेकदा चुकवून झालंय. म्हणून स्पष्ट लिहिते. सगळ्यात चांगला असा पॉलिमर नसतो हे तुम्हालाही माहितीये. तुमच्या कामात दोन जोड्या मुळातच जमत नाहीयेत: करक्युमिन आणि कायटोसान ही एक, कायटोसान आणि शीर ही दुसरी. फुगणं हे त्यातल्या पहिल्या जोडीचं भांडण असावं असा माझा अंदाज आहे. रेशो, पीएच, स्टररचा स्पीड वगैरे खेळून तुम्ही साइज एक आठवडा धरून ठेवू शकाल कदाचित, पण त्या दोन जोड्या तशाच राहतील आणि व्हायव्हामध्ये कोणीतरी नेमकं तिथेच बोट ठेवेल.

आधी बीकरमध्ये काय होतंय ते बघू. कायटोसान म्हणजे कोलंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटिन, कडक कॉस्टिकमध्ये शिजवून त्याचे अ‍ॅसिटिल गट काढलेले. कोचीच्या सीआयएफटीने (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने) कोलंबीच्या सालांपासून हे काढायची पद्धत कित्येक वर्षांपूर्वी बसवली, आपल्याकडे पीलिंग शेडमधून निघणाऱ्या सालांचा ढीग कायटिनच्याच कारखान्याला जाऊ शकतो. अ‍ॅसिटिल निघाले की अमाइन उघडे पडतात, पीएच साडेसहाच्या खाली असेल तोवर त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो म्हणून कायटोसान १ टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळतं. टीपीपीवर भरपूर निगेटिव्ह चार्ज. दोघं एकत्र आले की साखळ्या आवळल्या जातात आणि कण तयार होतो. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या गटाने १९९७ मध्ये ही पद्धत मांडली आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक फार्मसी कॉलेजात ती होते, कारण ना महागडं मशीन लागतं ना क्लोरोफॉर्म. पण यात एकही पक्का बाँड नाहीये हे विसरू नका. चार्जने चार्जचा हात धरलाय इतकंच. मीठ वाढलं, पीएच बदलला, की हात सुटतो.

टीपीपी टाकत गेलात की तीन अवस्था दिसतात, हे त्याच १९९७ च्या कामात आहे आणि तुम्ही डोळ्यांनी बघू शकता: आधी स्वच्छ द्रावण, मग साय काढलेल्या पातळ दुधासारखी निळसर झाक, मग एकदम पांढरे कण दिसायला लागतात. तुम्हाला ती निळसर झाक हवी आणि ती सुद्धा शेवटच्या टोकाची नको. बरीच मुलं साइज सगळ्यात कमी कुठे येते ते शोधतात आणि नेमकी गुठळ्यांच्या उंबरठ्यावर जाऊन थांबतात, त्या दिवशी साइज सुंदर, दुसऱ्या दिवशी वाट लागलेली, कारण चार्जचा तोल इतका जवळ आलाय की कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत आणि उरलेलं टीपीपी दोन कणांमध्ये पूल बांधत बसतं. तुमचा कायटोसान-टीपीपी रेशो ३:१ आहे असं दिसतंय, तो ५:१ करून बघा. कायटोसानचं द्रावण टीपीपी टाकण्याआधी फिल्टर करा, पीएच ४.८ ते ५ च्या आसपास आणा, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड उगाच जास्त नको. झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरच्या चार्जचं माप, पण लिहिलेलं नाहीये तुम्ही. साइजच्या शेजारी झीटा आणि पीडीआय (साइज किती विखुरलेली आहे तो आकडा) नसेल तर ती साइज मी वाचतच नाही, कारण डीएलएसमध्ये, म्हणजे पसरलेल्या प्रकाशावरून साइज मोजणाऱ्या मशीनमध्ये, मोठा कण लहान कणाला झाकून टाकतो, ढोबळमानाने दुप्पट साइजचा कण ६४ पट प्रकाश पसरवतो, म्हणजे तुमचे ९०० हे सगळे कण फुगलेत म्हणून आले की मूठभर गुठळ्यांमुळे आले हे एका आकड्यावरून कळत नाही.

हे झालं रेशोचं. पण माझा संशय दुसरीकडे आहे. तळाशी साका पिवळा आहे असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या कायटोसान-टीपीपीच्या गुठळ्या पांढरट असतात, करक्युमिन त्यात मुरलं असेल तर थोड्या पिवळसर, पण हळदीसारखा ठसठशीत पिवळा साका बसला असेल तर ते बहुतेक नुसतं करक्युमिन आहे. विचार करा ना, करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तुम्ही ते अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्यातल्या कायटोसानमध्ये थेंब थेंब सोडताय. अल्कोहोल पाण्यात पसरलं त्या क्षणी करक्युमिनला जागाच उरत नाही, ते स्वतःच बारीक कण होऊन बाहेर पडतं. कायटोसान त्याच्याभोवती सालासारखं चिकटून काही तास त्याला धरून ठेवतं आणि डीएलएसला काय, कण तो कण, मशीन २२० दाखवतं. रात्रभरात ते स्फटिक वाढतात. तुम्ही ज्याला औषध भरलेला नॅनोपार्टिकल म्हणताय तो कायटोसानचं पांघरूण घेतलेला करक्युमिनचा खडा असू शकतो.

आणि मग ते ९४ टक्के. हा आकडा तुम्ही सेंट्रिफ्यूज करून, वरच्या पाण्यात किती करक्युमिन उरलं ते यूव्हीवर मोजून, टाकलेल्यातून वजा करून काढला असणार. सगळे तसंच काढतात. यात एक मोठी फट आहे: जे औषध आपलं आपण खाली बसलं तेही "आत अडकलं" म्हणून मोजलं जातं. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझेही आकडे असेच झकास होते, मी सेमिनारला स्लाइड लावली, आणि मागच्या रांगेतून एका सिनियर मॅडमनी शांतपणे विचारलं की पॉलिमर न टाकता किती येतं? मी केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी केलं, तेवढंच औषध, तेवढंच अल्कोहोल, तेवढंच अ‍ॅसिड, कायटोसान शून्य, टीपीपी शून्य, आणि एन्ट्रॅपमेंट नव्वदच्या वर. काहीच नव्हतं तिथे ज्यात काही अडकेल! तीन महिन्यांचं काम वहीत तसंच राहिलं, ती पानं मी अजून ठेवलीयेत.

त्यामुळे पॉलिमर बदलायच्या आधी या आठवड्यात तीन गोष्टी करा, खर्च जवळजवळ शून्य आहे. औषध न घालता कोरे कण बनवून रात्रभर ठेवा. मग पॉलिमर न घालता नुसतं औषध त्याच पद्धतीने सोडून ठेवा आणि त्याचंही "एन्ट्रॅपमेंट" मोजा. आणि तुमच्या साक्याचा एक थेंब स्लाइडवर घेऊन पोलराइज्ड प्रकाशात बघा, कॉग्नोसीच्या (वनस्पतिजन्य औषधांच्या) लॅबमध्ये तसला मायक्रोस्कोप बहुतेक धूळ खात पडलेला असतो. कोरे कण रात्रभर टिकले, पॉलिमरशिवायही आकडा नव्वदीत आला आणि स्लाइडवर चमकणारे काटे, म्हणजे स्फटिक, दिसले तर गुन्हेगार करक्युमिन. कोरे कणच फुगले तर मी चुकले, मग रेशो-पीएच-फिल्टर ही वरची कहाणी खरी. दोन्ही थोडं थोडं असूही शकतं, तसं बऱ्याचदा असतं.

एक हिशोब अजून करा, तो कोणी करत नाही. एन्ट्रॅपमेंट आणि लोडिंग वेगळं. तुम्ही २० मिलिग्रॅम कायटोसानला १ मिलिग्रॅम करक्युमिन घेतलंय. ९४ टक्के खरं जरी धरलं तरी कणाच्या वजनात औषध साडेचार टक्क्यांच्या आसपास, टीपीपीचं वजन धरलं तर अजून कमी. म्हणजे ५०० मिलिग्रॅम करक्युमिन द्यायचं तर ११ ग्रॅमच्या वर पावडर. हे शिरेतून कसं देणार? हा प्रश्न कुठलाही एक्स्टर्नल विचारेल आणि त्याला नॅनोमधलं काही कळायची गरज नाही.

आता दुसरी जोडी, कायटोसान आणि शीर. रक्ताचा पीएच ७.४, आणि कायटोसानचे अमाइन साडेसहाच्या वर चार्ज सोडायला लागतात. वर रक्तात मीठ आहे, प्रोटीन आहेत. तुमचे कण एकदा पीबीएसमध्ये (रक्तासारखं मीठ आणि पीएच असलेल्या बफरमध्ये) १० पट पातळ करून अर्ध्या तासाने साइज बघा, मला वाटतं तुम्हाला उत्तर तिथेच मिळेल. पाण्यात किंवा अ‍ॅसिडमध्ये मोजलेली साइज ही बाटलीतली साइज आहे, शरीरातली नाही. जो काही चार्ज उरतो तो पॉझिटिव्ह, आणि लाल पेशींचा पृष्ठभाग निगेटिव्ह, ते एकमेकांना चिकटतात. कायटोसानचा हाच गुण वापरून रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या बनवल्या गेल्या, अमेरिकन सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात त्या वापरल्या. जखमेवर रक्त गोठवणारी वस्तू आपण शिरेत सोडायला निघालोय, तिथे "नॅचरल आहे, सेफ आहे" म्हणून कसं चालेल. सरांशी भांडू नका, फक्त हिमोलिसिसचा (लाल पेशी किती फुटतात त्याचा) एक टेबल त्यांच्यासमोर ठेवा.

नॅचरल या शब्दाबद्दल जरा जास्त लिहिते कारण हे मला महागात पडलंय. कंपनीत असताना एका सप्लायरकडून दोन ड्रम आले, एकच कॅटलॉग नंबर, एकच लेबल. पहिल्या ड्रमवर सगळं बसवलेलं, दुसरा उघडल्यावर त्याच रेशोला सरळ गुठळ्या. मोजल्यावर कळलं की डीअ‍ॅसिटिलेशन वेगळं आणि व्हिस्कॉसिटी जवळजवळ दुप्पट. सप्लायर खोटं बोलत नव्हता, दोन्ही त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसत होते, कारण "लो मॉलिक्युलर वेट" या नावाखाली ५०,००० पासून १,९०,००० डाल्टनपर्यंत काहीही बसतं. कवच कोलंबीचं की खेकड्याचं, कॉस्टिकमध्ये किती वेळ शिजवलं, या सगळ्याने माल बदलतो. पीएलजीएसारखा कारखान्यात जोडलेला पॉलिमर निदान बराचसा मागच्या वेळेसारखा येतो. म्हणून थिसिसपुरतं सांगते, एकाच लॉटची एक मोठी बाटली घ्या, लॉट नंबर वहीत लिहा, ऑस्टवाल्डच्या नळीत १ टक्का द्रावणाची व्हिस्कॉसिटी स्वतः मोजून ठेवा आणि बाटलीचं झाकण पावसाळ्यात नीट लावा, कायटोसान ओलावा ओढतं आणि मग तुमचं २० मिलिग्रॅम हे २० मिलिग्रॅम राहत नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर अजून एक लफडं आहे, एन्डोटॉक्सिन. बॅक्टेरियाचा हा कचरा निगेटिव्ह असतो, कायटोसान पॉझिटिव्ह, त्यामुळे ते त्याला घट्ट धरून बसतं. शिरेतल्या औषधाला मर्यादा असते किलोमागे तासाला ५ युनिट. कोलंबीच्या सालापासून आलेल्या, कॉलेजच्या कपाटात वर्षभर उघड-बंद होणाऱ्या बाटलीकडून ती पाळली जाईल अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. ऑटोक्लेव्ह केलं तर साखळ्या तुटतात, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तुमचे कण जाणार नाहीत. उंदरावर सेलाइन आणि कण असा प्रयोग करून सूज कमी झाली का वाढली यावर निष्कर्ष काढलेले पेपर मी वाचते तेव्हा पहिली शंका मला एन्डोटॉक्सिनचीच येते.

मग नॅचरल पॉलिमर शिरेत कधी चाललाच नाही का? चाललाय ना, आणि ती गोष्ट प्रत्येकाने नीट वाचावी अशी आहे. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते आधी क्रेमोफोर आणि अल्कोहोलमध्ये द्यायचे. क्रेमोफोर एरंडेल तेलापासून बनवलेलं, म्हणजे मूळ नॅचरलच म्हणा, पण त्याने पेशंटला जोरदार रिअ‍ॅक्शन यायच्या, आधी स्टेरॉइड द्यावं लागायचं, तीन तास ड्रिप चालायची. २००५ च्या जानेवारीत अमेरिकन एफडीएने अ‍ॅब्रॅक्सेन मंजूर केलं, माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, कण साधारण १३० नॅनोमीटर. एका व्हायलमध्ये १०० मिलिग्रॅम औषधाला साधारण ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन, अर्ध्या तासात देऊन होतं. यात ग्लुटाराल्डिहाइडसारखा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) नाही, हाय प्रेशर होमोजिनायझरमधून काढताना अल्ब्युमिन आपल्याच डायसल्फाइडने जुळतं, आणि १३० म्हणजे ०.२२ च्या फिल्टरमधून जातं, निर्जंतुक करायचा प्रश्न तिथेच सुटतो. २०२१ मध्ये याच घरातलं सिरोलिमसही मंजूर झालं.

पण मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. रक्तात पातळ झाल्यावर हे कण फार काळ कण म्हणून राहत नाहीत, सुटे होऊन औषध अल्ब्युमिनला चिकटलेलं फिरतं. स्लाइडवर असतं तसं, बाण मारलेला गोल कण ट्यूमरच्या भोकातून आत शिरतोय, हे इथे फारसं घडत नाही. सगळ्यात मोठा ठोस फायदा क्रेमोफोर गेलं हा होता. औषध नेण्यापेक्षा त्रासदायक सॉल्व्हंट काढून टाकणं हे कणाचं काम निघालं, आणि ते पुरेसं मोठं काम होतं. ट्यूमरच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून कण आत झिरपतात हे १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं, खरंय ते, पण २०१६ मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा शिरेतून दिलेल्या डोसपैकी ट्यूमरपर्यंत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. ते सुद्धा बहुतेक उंदरांत. बाकीचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा घेऊन जातात, यकृतातल्या कुप्फर पेशींचं कामच ते आहे, रक्तातला परका कण गिळणं. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये "टार्गेटेड" लिहिण्यापूर्वी जरा हात आखडता घ्या.

अल्जिनेट आणि जिलेटिनबद्दल विचारलंत. अल्जिनेट समुद्री शेवाळातलं, निगेटिव्ह, कॅल्शियम दिसलं की जेल होतं. पण सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडून जे मणी येतात ते मिलिमीटरचे, साबुदाण्याएवढे, ते नॅनो नाहीत, नॅनो हवं तर अगदी थोडं कॅल्शियम टाकून जेल व्हायच्या आधीच थांबवून मग वरून पॉझिटिव्ह पॉलिमरचा थर द्यावा लागतो. तिथे कायटोसान त्याचा चांगला जोडीदार आहे, विशेषतः तोंडावाटे द्यायचं असेल तर, कारण पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये कायटोसान विरघळायला बघतं आणि अल्जिनेट आकसतं, आतड्यात उलट. जिलेटिनचे कण मी बरेच बनवलेत, अ‍ॅसिटोन दोनदा टाकायची पद्धत, पहिल्यांदा जड साखळ्या खाली बसवून वरचं फेकायचं आणि खालचं परत विरघळवून दुसऱ्यांदा कण करायचे, हे पहिलं पाऊल आळसाने गाळलंत की पीडीआय कधीच खाली येत नाही. जिलेटिन ए आणि बी मध्ये गोंधळू नका, ए चा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) ७ च्या वर, बी चा ५ च्या आसपास, एकाची कृती दुसऱ्याला चालत नाही. आणि दोन्हीकडे ग्लुटाराल्डिहाइड, ज्याने पॉलिमरच्या अमाइनबरोबर औषधाचा अमाइनही बांधला जाऊ शकतो. जेनिपिन वापरा म्हणतात, चांगलं आहे, महाग आहे, आणि सगळं गडद निळं होतं, करक्युमिनच्या पिवळ्यात ते यूव्हीला कसं मोजणार हा विचार आधी करा.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं. हे तुमच्याकडे किती महिने आहेत यावर अवलंबून आहे, आणि सरांचा जीव करक्युमिनमध्ये आहे की कायटोसानमध्ये यावरही.

जीव कायटोसानमध्ये असेल तर औषध बदला आणि मार्ग बदला. पाण्यात विरघळणारं, निगेटिव्ह चार्जचं काहीतरी किंवा एखादं प्रोटीन, ते टीपीपीबरोबर मिसळून टाकता येतं आणि आत जायला त्याला कारण असतं. मार्ग नाकाचा घ्या. तिथे पीएच साडेपाच ते साडेसहा, कायटोसानला मानवणारा, त्याचा चिकटपणा तिथे दोष न राहता उपयोगी पडतो कारण नाकातला शेंबूड आणि पेशींवरचे सूक्ष्म रोम (सिलिया) वीस-एक मिनिटांत सगळं मागे घशाकडे ढकलून देतात, तेवढ्यात थोडं जास्त टिकणारी वस्तू हवीच असते, आणि पेशींमधले सांधे ते थोडा वेळ सैल करतं. शिरेत जे अवगुण ते इथे गुण.

जीव करक्युमिनमध्ये असेल, आणि मला वाटतं तसंच असावं कारण महाराष्ट्रातल्या दर तिसऱ्या फार्मसी थिसिसमध्ये हळद असते असं मी गमतीने म्हणते, तर पॉलिमर बदला आणि शिरेचा नाद सोडून तोंडावाटे जा. करक्युमिनला पाणी नको असतं, त्याला तेलकट कोपरे असलेलं प्रोटीन लागतं. दूध बघा, दुधातलं केसीन ५० ते ५०० नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्येच फिरत असतं, निसर्गाने बनवलेला नॅनोपार्टिकल आहे तो, आणि करक्युमिन त्याला चांगलं चिकटतं. आजीच्या हळदीच्या दुधाला मी लगेच नॅनोमेडिसिन म्हणणार नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना करू दे, पण रसायनशास्त्र तेच आहे.

मी झीन आणि केसीन वापरेन. झीन म्हणजे मक्यातलं प्रोटीन, पाण्यात विरघळत नाही, ८० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि करक्युमिन पण त्याच अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे दोघं सुरुवातीपासून एकाच भांड्यात. हे द्रावण सोडियम केसीनेट घातलेल्या पाण्यात जोरात ढवळत ओता. अल्कोहोल पसरलं की झीन आणि करक्युमिन दोघांनाही एकदम पाणी नकोसं होतं आणि ते एकत्रच गोळा होतात, केसीनेट वरून साल धरतं. केसीनेट नसेल तर झीन सहाच्या थोडं वर असलेल्या त्याच्या आयसोइलेक्ट्रिक पॉइंटला गुठळी करतं, मीठ दिसलं तरी गुठळी करतं, म्हणून ते गाळू नका. अल्कोहोल रोटरीवर काढा, फार तापवू नका. क्रॉसलिंकर नाही, अ‍ॅसिड नाही, आणि दोन्ही पॉलिमर नॅचरल, सरांचं शीर्षक फारसं बदलावं लागणार नाही. साइज २०० च्या खाली यायला तुम्हाला दोन आठवडे पुरावेत, लायोफिलाइज करायचं (गोठवून सुकवायचं) असेल तर ट्रेहालोज घालून बघा. इथेही तो पॉलिमरशिवायचा कंट्रोल करायचाच आहे हां, झीन घेतलं म्हणून सुटका नाही.

रिलीज स्टडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा खड्डा तोच आहे. डायलिसिस बॅग, बाहेर पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर, ३७ डिग्री, आणि ४८ तासांत २५ टक्के रिलीज म्हणून "सस्टेन्ड रिलीज" लिहायचं, ही प्रथा. करक्युमिन त्या बफरमध्ये सीरम नसताना अर्ध्या तासात ९० टक्क्यांपर्यंत मोडतं, हे १९९७ मध्येच छापून आलंय. म्हणजे जे बाहेर आलं ते तुम्ही मोजायच्या आत मोडून गेलं आणि जे बाहेर यायला हवं होतं ते विरघळत नाही म्हणून बॅगेतच बसलं. तुमचा ग्राफ कणाबद्दल काहीच सांगत नाही. बाहेरच्या बफरमध्ये ट्वीन (विरघळायला मदत करणारा सर्फॅक्टंट) घाला, थोडं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घाला, काचेला फॉइल गुंडाळा, आणि एका बॅगेत कण न बनवलेलं, नुसतं विरघळवलेलं करक्युमिन ठेवा. दोन्ही बॅगांचे ग्राफ एकमेकांवर बसले तर उशीर बॅगेमुळे होतोय, कणामुळे नाही. बॅग उघडून आत उरलेलंही मोजा, सगळ्याची बेरीज टाकलेल्याइतकी यायला हवी, नाही आली तर कुठे गेलं ते शोधा.

हो, आणि कालची ती साका बसलेली बाटली फेकली नसेल तर फेकू नका. हलवायच्या आधी तळातून ड्रॉपरने एक थेंब घ्या, मग हलवून एक थेंब, दोन्ही स्लाइड पोलराइज्डखाली बघून फोटो टाका, सोबत झीटा आणि कोऱ्या कणांची दुसऱ्या दिवशीची साइज. त्यावरून रेशोचं सांगते.